शिशाच्या खिळ्यांपासून ओव्हरलीफपर्यंत

मराठी पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत 'अक्षरजुळणी' असा शब्द असतो, त्यापुढे एक नाव असतं. आपण ते वाचत नाही. आज त्या कामाचा इतिहास पाहू, आणि ते शोधनिबंध लिहिणाऱ्याच्याच हाती कसं आलं, तेही पाहू.

राजाराम कॉलेजातले प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी 1894 साली कोल्हापुरात 'ग्रंथमाला' मासिक सुरू केलं. गंभीर ज्ञान मराठीत छापायचं, हा आग्रह. तेव्हा एकेक शिशाचा खिळा हाताने उचलून ओळ जुळवावी लागे. जोडाक्षरं, मात्रा, उकार यांमुळे देवनागरीला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खिळे लागत. गणिताचं सूत्र आलं की काम आणखी अवघड.

1962 साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं. पुढे प्रबंध टंकयंत्रावरून संगणकावर गेले. पण सुरुवातीच्या बहुतेक मराठी फॉन्टांचे संकेत आपापले होते. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, आणि तो फॉन्ट तिथे नसला, की निरर्थक चिन्हं! कागदावर मराठी, पण संगणकाच्या लेखी मराठी नाहीच. असा प्रबंध शोधायचा कसा?

तिकडे अमेरिकेत डोनाल्ड नूथ यांनी 1977 साली आपल्या ग्रंथाची मुद्रितं पाहिली. छपाई इतकी नापसंत पडली की त्यांनी स्वतःच 'टेक' ही प्रणाली लिहायला घेतली. 1980च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर सोपं 'लाटेक' रचलं. 2004 साली जोनाथन क्यू यांचं 'झीटेक' आलं, आणि युनिकोड मजकूर व नेहमीचे फॉन्ट थेट वापरता येऊ लागले. 2012 साली ब्रिटनमधल्या दोन गणितज्ञांनी हे सारं ब्राउझरमध्ये आणलं. तेच आजचं ओव्हरलीफ.

मग सुरुवात कशी करायची? खातं उघडा, नवा रिकामा प्रकल्प घ्या. डावीकडे मजकूर, उजवीकडे तयार पान. मराठीसाठी पहिलं काम म्हणजे सेटिंगमध्ये कंपायलर बदलून 'झीलाटेक' निवडणं. मग आयआयटी मुंबईत तयार झालेल्या 'शोभिका'सारखा युनिकोड फॉन्ट नेमा. मजकुराची भाषा मराठी आहे, हेही 'पॉलिग्लॉसिया' या पॅकेजला सांगा. नाहीतर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येऊ शकतात. आता 'वाऱ्यावर' आणि 'श्रद्धा' हे दोन शब्द लिहून पान तयार करा. दोन्ही नीट उमटले की पुढे चला. प्रकरणांचे क्रमांक, तळटीपा, संदर्भसूची यांची मांडणी प्रणाली सांभाळते. एक प्रकरण मध्ये घातलं तरी पुढचे आकडे आपोआप सरकतात.

आणि एक गोष्ट विसरायची नाही. पीडीएफसोबत मूळ फाइलही आपल्या संगणकावर उतरवून ठेवा. ती साध्या युनिकोड मजकुराची असते, कोणत्याही साध्या संपादकात उघडते. जुन्या फॉन्टांत अडकलेले प्रबंध आपण पाहिले आहेत. विजापूरकरांच्या गावात आज मराठीत लिहिलं जाणारं संशोधन पन्नास वर्षांनीही वाचता यावं, शोधता यावं, एवढी काळजी आपल्याला घेता येते.