लोहाऱ्याच्या कोळशाचा अर्ज

चंद्रपूरहून मूल रस्त्याला लागलात की थोड्याच वेळात लोहारा येतं. दुतर्फा साग, मोह, मधूनच बांबूची रांजी. गाडी कडेला लावा, खाली उतरा. पायाखालच्या मातीत कोळसा आहे आणि पलीकडे ताडोबाचं जंगल. आता पंधरा-वीस वर्षं मागे चला.

तुम्ही दिल्लीत आहात, कोळसा मंत्रालयात. लिलाव नाही, बोली नाही. कंपनीने अर्ज करायचा, छाननी समितीने शिफारस केली की खाणपट्टा मिळायचा. तुमच्या हातात ग्रेस इंडस्ट्रीजचा अर्ज आहे, लोहारा पूर्व खाणपट्ट्यासाठी. बोट ठेवून वाचा. नक्त मूल्य: 120 कोटी रुपये. सध्याची उत्पादनक्षमता: वर्षाला 1,20,000 टन.

बोट तिथेच राहू द्या. सगळ्या मालमत्तेतून सगळं देणं वजा केलं की उरतं ते नक्त मूल्य. आपलं काय आणि लोकांचं काय, हे गावच्या किराणा दुकानदारालाही ठाऊक असतं. सीबीआयच्या म्हणण्यानुसार या कंपनीचं स्वतःचं नक्त मूल्य होतं 3.3 कोटी आणि क्षमता 30,000 टन. क्षमता चौपट फुगवली, ऐपत छत्तीसपट! हे पकडायला गुप्तहेर लागत नाही, ताळेबंद उघडून पाहावा लागतो. तो पाहणं मंत्रालयाचं काम होतं. लोहाऱ्याचा कोळसा कोणाच्या पदरात जाणार, हे या दोन ओळींवर ठरत होतं आणि लोहाऱ्यातल्या कोणालाही त्या ओळी कोणी दाखवल्या नाहीत. मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

पुढे या. 24 सप्टेंबर 2014. सर्वोच्च न्यायालय देशभरातले 214 खाणपट्टे रद्द करतं. पण पट्टा रद्द होणं वेगळं आणि माणसाला जाब विचारला जाणं वेगळं. त्यासाठी आणखी आठ वर्षं थांबा.

8 ऑगस्ट 2022. दिल्लीचं विशेष न्यायालय, न्यायाधीश अरुण भारद्वाज. कंपनी आधीच दोषी ठरली आहे, आज शिक्षा. संचालक मुकेश गुप्ता यांना 4 वर्षं कैद, माजी कोळसा सचिव एच. सी. गुप्ता यांना 3 वर्षं, माजी सहसचिव के. एस. क्रोफा यांना 2 वर्षं. वरच्या कोर्टात अपील करता यावं म्हणून जामीनही मिळतो. कंपनीच्या नावामागे कोणालाही लपता आलं नाही, खुर्चीच्या मागेही नाही.

आता परत या, लोहाऱ्याच्या त्याच कडेला. चंद्रपुरात कोळशासाठी, गडचिरोलीत लोहखनिजासाठी जनसुनावण्या होतच राहणार आहेत. नोटीस लागली की पर्यावरण अहवाल मागताच. सोबत कंपनीचा ताळेबंदही काढा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो. चार जणांनी मिळून तो वाचा आणि त्यातला आकडा सुनावणीत उभं राहून मोठ्याने विचारा.