सीआयएच व्हायरस: फाईलचा आकार न वाढवता आत लपणारा पाहुणा

मोबाईलमध्ये काही बिघडलं की आपण लगेच म्हणतो, 'व्हायरस आला.' पण खरा व्हायरस म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर 1998 सालचा सीआयएच बघायला हवा. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने तो लिहिला. आकार जेमतेम 1 केबी!

साधा व्हायरस प्रोग्रामच्या फाईलला शेवटी चिकटतो आणि 'सुरुवात कुठून करायची' हा पत्ता बदलून स्वतःकडे वळवतो. फाईल चालू केली की आधी तो चालतो, मग मूळ प्रोग्राम. त्यामुळे वापरणाऱ्याला शंकाच येत नाही. पण फाईलचा आकार वाढतो, आणि तिथे तो पकडला जातो. सीआयएच जास्त हुशार होता. विंडोजच्या ईएक्सई फाईलमध्ये मधेमधे रिकाम्या जागा असतात. हा स्वतःचे तुकडे करून त्यांत बसायचा. आकार तोच! एकदा मेमरीत शिरला की पुढे उघडलेली प्रत्येक ईएक्सई फाईल बाधित. पायरेटेड सीडींनी तर त्याला घरोघरी पोहोचवलं.

26 एप्रिल 1999 ला तो जागा झाला. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला आणि काही मदरबोर्डवरचा बायॉसही खराब केला. असा कॉम्प्युटर चालूच होत नसे. बायॉसची चिप बदलावी किंवा नव्याने लिहून घ्यावी लागे. विंडोज 95 आणि 98 वाल्यांना फटका बसला, एनटी वाचलं. तारीख चेर्नोबिल अपघाताची, म्हणून त्याचं दुसरं नाव चेर्नोबिल.

अशा फाईल डिलीट करणं सोपं, बऱ्या करणं अवघड. मूळ पत्ता शोधून परत बसवावा लागतो. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी 1995 मध्ये आणलेल्या अँटीव्हायरसचं नावच क्विक हील! पुण्याबाहेर त्यांची पहिली शाखा निघाली ती आपल्या नाशिकला, 2003 मध्ये.

मग फोनमध्ये सीआयएच का येत नाही? अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला डिजिटल सही असते. आत एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही, फोन ते ॲप इन्स्टॉलच करत नाही. शिवाय एक ॲप दुसऱ्याच्या फाईलला सहसा हात लावू शकत नाही. म्हणून आजचे चोर दुसऱ्याच्या ॲपमध्ये घुसत बसत नाहीत, अख्खं खोटं ॲपच पाठवतात: व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' किंवा लग्नपत्रिकेच्या नावाची एपीके फाईल. ती तुम्हीच इन्स्टॉल करता, एसएमएस वाचायची परवानगीही तुम्हीच देता, आणि बँकेचा ओटीपी तिकडे जातो. (लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते हो, एपीके कशाला असेल?)

सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा. तिथे व्हॉट्सॲप आणि क्रोमसमोरची परवानगी चालू दिसली तर बंद करा. घरातल्यांच्या फोनवरही बघा, विशेषतः आजोबांच्या.