प्लेगच्या पुण्यात रोग्याला कोणी विचारलं?

१८९७च्या प्लेगचं नाव काढलं, की पुणेकराला आधी रँड आठवतो आणि मग गणेशखिंडीच्या रस्त्यावरची २२ जूनची रात्र. चापेकर बंधूंची ती हकीकत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ती मी आज पुन्हा सांगत नाही. मला त्या साथीतला अंथरुणावरचा माणूस शोधायचा आहे. जांघेत नाही तर काखेत गाठ आलेला, तापानं फणफणलेला, आणि दारात सोजिरांच्या बुटांचा आवाज ऐकणारा. त्याच्याबद्दल सगळं ठरत होतं. त्याला कोणी काही विचारत होतं का?

साथ मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये उघडकीला आली आणि रेल्वेच्या वाटेनं पुण्यात पोचायला तिला वेळ लागला नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. जेमतेम पानभराचा. प्रवाशांची तपासणी करा, संशयितांना वेगळं ठेवा, आणि चांगल्या हेतूनं केलेल्या कृतीबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही, एवढा त्याचा मथितार्थ. मार्चपासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या पलटणीचे शिपाई पेठांमधून घरोघर फिरले. रोगी सापडला की तो प्लेगच्या इस्पितळात, घरची माणसं वेगळ्या छावणीत, आणि कपडे, अंथरुणं आगीत.

लोक रोगी लपवू लागले. या घरातून त्या घरात हलवू लागले. त्या काळच्या सरकारी कागदपत्रांत याचं कारण ‘अडाणीपणा’ असं मिळतं, आणि आपणही पुष्कळदा ते तसंच मान्य करतो. मला ते पटत नाही. इस्पितळात नेऊन डॉक्टर करणार काय होते? जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण खात्रीचं औषध कोणापाशीच नव्हतं. मग माझ्या माणसाला तिथं पाणी कोण देईल, जवळ कोण बसेल, मेला तर प्रेत आमच्या हाती मिळेल का, हे प्रश्न अडाण्याचे कसे? चांगल्या डॉक्टरनं ते स्वतः होऊन बोलावेत, असे ते प्रश्न आहेत.

आणि ज्ञानाचंच म्हणाल तर तेही सगळं एकाच बाजूला नव्हतं. सरकार गटारं धूत होतं, भिंतींना चुना फासत होतं. उंदरावरच्या पिसवेतून रोग पसरतो, हे पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून दाखवलं ते १८९८ मध्ये, आणि वैद्यकविश्वानं ते मानायला आणखी काही वर्षं घेतली. खेड्यातली माणसं मात्र घरात उंदीर पडू लागले की बिऱ्हाड उचलून रानात झोपड्या घालत होती. कारण त्यांना सांगता आलं नसतं, उपाय मात्र बरोबर होता. पुढं गाव खाली करणं हाच खेड्यांसाठी सर्वांत भरवशाचा इलाज म्हणून सरकारनंही धरला.

त्याच पुण्यात रोगी आपणहून जात होते अशाही जागा होत्या. टिळकांनी शहर सोडलं नाही. ‘ग्रंथिक सन्निपाता’वर ‘केसरी’तून लिहिताना त्यांनी सफाईची आणि रोगी वेगळा ठेवण्याची बाजूच घेतली, त्यांचं भांडण पद्धतीशी होतं. त्यांनी हिंदूंसाठी वेगळं प्लेगचं रुग्णालय काढायला पुढाकार घेतला. जातिधर्मावर इस्पितळं निघणं आज कानाला खटकतं, मलाही खटकतं. पण सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात घशाखाली पाणी उतरेल अशी जागा रोग्याला हवी होती. मुंबईतही जातीजातींची अशी इस्पितळं उभी राहिली.

दुसरी जागा हडपसरजवळ ससाणे मळ्यातली. तिथं सावित्रीबाई फुल्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत रोग्यांवर उपचार करत होते. मुंढव्याहून एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथं आणलं. तो जगला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगनं गेल्या. रोगी घरातून उचलून दवाखान्यात नेणं हे काम सोजिरांचं तेच त्यांचं. फरक एवढाच, की पन्नास वर्षं ओळखीची असलेली बाई दारात उभी होती.

तक्रार करायची तर कुठं, हा प्रश्नही तितकाच अवघड. पंडिता रमाबाईंनी आपल्या संस्थेतल्या मुलीच्या बाबतीत प्लेगच्या इस्पितळात काय घडलं, ते वर्तमानपत्रात लिहिलं. गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून विलायतेत शिपायांवर गंभीर आरोप केले. परतल्यावर कोणी साक्षीला उभं राहीना, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. आरोप खोटे होते असं त्यातून सिद्ध होत नाही. नाव सांगून पुढं येण्याची किंमत कोणाला परवडणार होती?

उन्हाळ्यात साथ ओसरली, त्याचं श्रेय झडत्यांना दिलं गेलं. पावसाळ्यानंतर ती परत आली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल झाल्यावर सरकारनं हात सैल केला आणि हाफकिन यांची लस ऐच्छिक ठेवली. हाफकिन यांनी ती १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली होती, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या राजी झालेल्या कैद्यांना. कैद्याचं राजी होणं कितपत खरं, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

पुढची वाट लांब आहे, तिच्यातला एकच टप्पा सांगतो. २००७ मध्ये महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत सरकारी आरोग्यसेवेवर लोकांची देखरेख सुरू झाली. त्यात पुणे जिल्हा होता, आणि राज्यभराच्या समन्वयाचं काम पुण्याच्याच ‘साथी’ संस्थेकडं होतं. गावातली माणसं आपल्या उपकेंद्राचं, प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरत. मग जनसुनवाई. मांडवाखाली डॉक्टर, अधिकारी समोर बसलेले, आणि बायाबापड्या विचारताहेत: औषध बाहेरून का आणायला सांगितलं? नर्सबाई गावात का येत नाही? पैसे कशाचे घेतले? काही डॉक्टर चिडले, काहींना बरंही वाटलं, कारण औषधाचा तुटवडा वरिष्ठांच्या कानावर प्रथमच इतक्या मोठ्यानं पडत होता.

१८९७चा तो कायदा मात्र रद्द झाला नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी पुण्यात तोच लागू झाला. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती होऊन डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्याला शिक्षेची तरतूद आली, आणि ती हवीच होती. रोग्याला काय सांगावं, कशाला त्याची संमती घ्यावी, याबद्दलचं कलम त्या दुरुस्तीत नव्हतं.