आधी कोणता घाट फोडायचा?

१८५८ साली मुंबईहून आगगाडीने पुण्यास निघालेला प्रवासी खोपोलीला उतरत असे. तेथून पालखीत किंवा तट्टावर बसून बोरघाट चढायचा, खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायची आणि मावळातून पुणे गाठायचे. त्या काळी दोन्ही बाजूंना दुप्पट वेगाची इंजिने आणली असती, तरी घाटातला वेळ एका मिनिटानेही घटला नसता. १८६३ मध्ये घाटातून रूळ गेले. चढ ३७ फुटांमागे १ फूट, बोगदे २५. परंतु खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनात गाडीची दिशा उलटवावी लागे. म्हणजे अडथळा संपला नाही, सरकला. १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे ते स्थानक टळले आणि त्याच सुमारास विजेची इंजिने आली. चढ मात्र राहिला. कर्जतला गाडीमागे जादा इंजिने जोडतात ती त्यासाठीच.

शाळेतल्या जुन्या संगणकाचा कोणता भाग आधी बदलावा, हा प्रश्न याच जातीचा आहे. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये त्याचे गणित मांडले. समजा, एका कामाला १० मिनिटे लागतात. त्यांपैकी ८ हार्ड डिस्कची वाट पाहण्यात जातात आणि २ प्रोसेसरच्या आकडेमोडीत. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला तर ९ मिनिटे लागतील, डिस्क दुप्पट वेगाची घेतली तर ६. वर्गात फळ्यावर करून पाहण्याजोगे उदाहरण आहे.

१९९५ मध्ये विंडोज ९५ आली. ४ मेगाबाइट रॅमवर ती सुरू होई, पण स्मृती अपुरी पडली की मजकूर डिस्कवर ठेवून पुन्हा आणावा लागे, आणि डिस्क रॅमपेक्षा लाखपटीने मंद. तेव्हा आधी रॅम वाढवणे शहाणपणाचे होते. जाहिरातींत मात्र मेगाहर्ट्झचाच आकडा ठळक!

पुढे रॅम स्वस्त झाली आणि घाट डिस्कपाशी आला. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी चकतीसुद्धा हवी ती जागा समोर येण्यास सरासरी ४ मिलिसेकंद घेते. शिवाय वाचणारे टोक सरकण्याचा वेळ वेगळाच. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने ही वाट पाहणे जवळजवळ संपते.

म्हणून खरेदीपूर्वी नेहमीचे काम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडावा. स्मृती भरलेली दिसली तर रॅम; ती मोकळी असून डिस्क १०० टक्क्यांवर अडली असेल तर एसएसडी. रॅम घेण्याआधी मदरबोर्डावर जागा रिकामी आहे का आणि तो कोणत्या पिढीची रॅम स्वीकारतो, हेही पाहावे. डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ची पट्टी बसत नाही.