शरद ऋतूची टेबल सजावट: मुलांसोबत काय गोळा कराल, काय टाळाल?

ऑक्टोबर आला की सोशल मीडियावर लाल-केशरी मेपलच्या पानांनी सजवलेल्या टेबलांचे फोटो दिसू लागतात. ते पाहून आपल्याकडेही प्लास्टिकची तशी पाने विकत आणली जातात. पण महाराष्ट्रातला शरद वेगळा आहे आणि त्याची सजावट जवळपास फुकटात होते.

आपला शरद पानगळीचा का नाही?

आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे महिने. थंड देशांत या काळात दिवस लहान होतात, थंडी वाढते, पानांमधले हरितद्रव्य कमी होते आणि इतर रंग दिसू लागतात. आपल्याकडे पाऊस नुकताच संपलेला असतो. जमिनीत ओल असल्याने झाडे हिरवी राहतात. साग, पळस यांची पानगळ पुढे, जमीन कोरडी पडू लागल्यावर होते. शरदात आपल्याकडे शेतात धान्य तयार होते आणि झेंडू फुलतो. म्हणूनच कोकणात भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने आणि फुले एकत्र करून दाराला 'नवे' बांधतात. हेच साहित्य टेबलावरही शोभते.

काय गोळा कराल?

• झेंडूची फुले आणि आंब्याची पाने
• भाताच्या लोंब्या, नाचणी किंवा ज्वारी-बाजरीची कणसे (शेतकऱ्याला विचारूनच)
• झाडाखाली पडलेल्या सुक्या शेंगा आणि काटक्या
• नारळाच्या करवंट्या
• आपट्याची पाने

दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडल्या जातात. अनेकदा आपटा समजून कांचनही तोडला जातो. दोन्हींची पाने जोडपाने दिसतात, पण आपट्याचे पान लहान व जाडसर, तर कांचनाचे मोठे असते. माणशी एकच पान घ्यायचे, हा नियम मुलांना आधीच सांगा.

कशी कराल?

१. नावाचे पान: आपट्याची पाने वर्तमानपत्रात घालून जड पुस्तकांखाली आठवडाभर दाबून ठेवा. वाळल्यावर मुले त्यावर पांढऱ्या रंगाने जेवायला येणाऱ्यांची नावे लिहितील. जेवणानंतर पाहुण्याला ते 'सोने' म्हणून घरी नेता येते.

२. लोंब्यांची जुडी: लोंब्या झटकून दोन दिवस उन्हात ठेवा, म्हणजे किडे निघून जातात. मग सुतळीने बांधून तांब्यात उभ्या करा.

३. करवंटीतली फुले: करवंटी घासून गुळगुळीत करा, पाणी भरा आणि झेंडूचे एक फूल तरंगत ठेवा. करवंटी डगमगू नये म्हणून खाली सुतळीचे वेटोळे ठेवा.

४. फुलांची महिरप: पंगतीत ताटाभोवती रांगोळीची महिरप काढतात. तशीच ती पाकळ्या आणि पानांची करता येते. टेबल नसेल तर पाटाभोवती काढा.

काय टाळाल?

गुंजेच्या लाल-काळ्या बिया आणि एरंडाच्या ठिपकेदार बिया मुलांना आवडतात, पण त्या चावल्या गेल्यास जिवावर बेतू शकते. पिवळी कण्हेर (बिट्टी) आणि धोतराही विषारी आहेत. यातले काहीही घरी आणू नका. मुलाने अशी बी खाल्ल्याची शंका आली तरी त्रास दिसण्याची वाट पाहू नका. उलटी करवू नका, त्या बियांचा नमुना घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

लहान मुले घरात असतील तर चिंचोके, सागरगोटेही नकोत, ते घशात अडकू शकतात. बाजारातल्या फुलांवर कीटकनाशक असू शकते, त्यामुळे पाकळ्या अन्नाला लागू देऊ नका. सुक्या लोंब्यांजवळ पणती ठेवू नका, त्या चटकन पेट घेतात.

नंतर काय?

झेंडू दोन-तीन दिवसांत कोमेजतो. त्याच्या सुकलेल्या फुलांतल्या काळ्या, लांबट बिया मुलांना काढायला सांगा आणि कुंडीत पेरा. लोंब्या खिडकीत टांगा, चिमण्या दाणे टिपतील. उरलेले सारे खताच्या कुंडीत जाईल. प्लास्टिकच्या पानांचे यातले काहीच होत नाही.