गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर आणखी काय बदलून घ्यावे?

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना गाडी सुमारे ४० किलोमीटरमध्ये १,२०० मीटरहून अधिक चढते. महाडहून भोरकडे जाणारा वरंध घाटही तसाच. कशेडीला निदान आता बोगदा झाला. अशा चढांवर सतत हाफ क्लचवर गाडी चालवली की क्लच प्लेट लवकर झिजते.

प्लेट बदलायची तर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. मजुरीचा मोठा भाग याच कामाचा असतो. म्हणून प्लेटसोबत प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलतात. हे बेअरिंग चार महिन्यांनी आवाज करू लागले, तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो आणि मजुरीही दुसऱ्यांदा द्यावी लागते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलकडे. ते पाझरत असेल तर ऑइल नव्या प्लेटवर येते, क्लच घसरतो आणि भर चढावर इंजिन नुसते ओरडते, गाडी पुढे सरकत नाही. क्लचच्या खर्चापुढे या सीलची किंमत किरकोळ असते.

फ्लायव्हील मात्र सरसकट बदलू नये. त्यावर खोल चरे, तडे किंवा जळाल्याचे निळे डाग आहेत का, ते गिअरबॉक्स खाली असतानाच स्वतः पाहावे. टायमिंग बेल्टचेही असेच. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल, तर दोन्ही एकदम बदलावेत. एसीचा गॅस किंवा ब्रेक पॅड यांचा गिअरबॉक्सशी संबंध नाही. ती कामे ‘गाडी उघडलीच आहे’ म्हणून बिलात आली, तर कारण विचारावे.