राजूच्या वाट्याची फोड

टीव्हीवरच्या कार्टूनमधलं एक जोडपं मूल होत नाही म्हणून झुरतं, असं १९६३ साली अमेरिकेत दाखवलं गेलं. कार्टून म्हणजे उंदरानं मांजराच्या टाळक्यात हातोडा घालायचा, असा बहुतेकांचा समज असण्याचे ते दिवस. मालिका होती 'द फ्लिंटस्टोन्स'. हॅना-बार्बेरा कंपनीची ही मालिका ३० सप्टेंबर १९६० पासून एबीसी वाहिनीवर संध्याकाळी, घरातली थोरली माणसं टीव्हीपुढे बसतात त्या वेळेला लागे. अश्मयुगातला फ्रेड आणि विल्माचा संसार, पायांनी पळवायची दगडी चाकांची गाडी, शेजारी बार्नी आणि बेटी. नमुना घेतला होता हाडामांसाच्या नटांच्या 'द हनीमूनर्स' या विनोदी मालिकेचा. विनोद झाला की मागून हशाची टेप वाजायची.

फेब्रुवारी १९६३ मध्ये फ्रेड आणि विल्माला मुलगी झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शेजारच्या घराची पाळी आली. बार्नी-बेटीला मूल नाही. दोघं निखळत्या ताऱ्याकडे मागणं मागतात आणि त्यांच्या दाराशी कुणीतरी सोडून दिलेलं एक आडदांड पोर सापडतं. पुढे ते आपल्याकडेच राहावं म्हणून त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागते. हशाची टेप याही भागाला आहेच. पण हसण्यासाठीच काढलेल्या चित्रांनाही दुखतं, हे कळायला एवढा भाग पुरेसा होता. १९८९ च्या डिसेंबरात 'द सिम्पसन्स' सुरू झालं आणि बापाच्या फजितीतून त्याची माया दाखवण्याची रीत पक्की झाली. त्या वेलीची ही मुळी फ्लिंटस्टोन्सच्या अंगणातली.

आपल्याकडची शाखा मात्र विनोदातून नव्हे, जातककथेतून फुटली. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग उभा राहिला. शिकवायला आले क्लेअर वीक्स. मिशनरी आईबापांचा हा मुलगा भारतातच जन्मलेला, आणि पुढे डिस्नेकडे 'स्नो व्हाइट', 'बॅम्बी' अशा चित्रपटांवर काम केलेला. या विभागाचा १९५७ चा 'द बनियन डिअर' निग्रोधमृग जातकावर बेतलेला आहे. रोज एका हरणानं राजाच्या मुदपाकखान्यासाठी मरायचं, अशी पाळी लावलेली असते. ती गाभण हरिणीवर येते, तेव्हा कळपाचा राजा तिच्या जागी स्वतःची मान ठेवतो. (मराठी वाचकाला इथे चिं. वि. जोशी आठवावेत. पाली भाषेच्या या पंडितानं जातकातल्या गोष्टी मराठीत आणल्या, आणि मराठीतलं सर्वांत लाडकं विनोदी कुटुंब, चिमणरावाचं, तेही त्यांनीच उभं केलं. करुणा आणि फजिती एकाच लेखणीतून उतरायला आपल्याकडे कधीच अडचण नव्हती.)

वीक्स यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांत राम मोहन होते. १९३१ साली पोरबंदरला जन्मलेले हे गृहस्थ मुंबईत रमले. पुढे १९७२ मध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. आणि नव्वदीच्या उंबऱ्यावर या दोन वेली एकमेकींत गुंतल्या.

सार्क देशांनी १९९० हे बालिका वर्ष आणि त्यापुढचं दशक बालिका दशक म्हणून जाहीर केलं होतं. युनिसेफच्या ढाका कार्यालयात नील मॅकी यांच्या पुढाकारानं एका मुलीची, मीनाची, गोष्ट चित्रांतून सांगायचं ठरलं. रेखाटनं राम मोहन यांची. सुरुवातीचं चित्रांकन मनिलात झालं, तेही हॅना-बार्बेराच्याच तिथल्या स्टुडिओत. म्हणजे फ्रेड फ्लिंटस्टोनचं घराणं आणि जातकातल्या हरणाचं घराणं यांची सोयरीक जुळली, ती मीनाच्या अंगणात.

नाव असं हवं होतं, की हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांत चालेल. कपड्यांचंही तेच. साडी नको, सलवारही नको, म्हणून लांब घागरा आला. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ अशा चार देशांतल्या मुलांना आणि आईबापांना कच्ची चित्रं दाखवून, गोष्टी ऐकवून त्या पुन्हा पुन्हा बदलल्या गेल्या. संशोधक मीरा आघी यांचा या विचारपूस करण्याच्या कामात मोठा वाटा. सरकारी प्रचारपटाला हे कष्ट सहसा परवडत नाहीत. म्हणून तर त्यातली माणसं भाषण केल्यासारखी बोलतात.

मीनाचा आंब्याचा भाग बघावा. झाडावर चढून आंबा काढते मीना, आणि मोठी फोड मिळते भाऊ राजूला. आजीचं म्हणणं सरळ आहे: मुलाला जास्त लागतं. मग भावंडं एक दिवसासाठी कामं बदलतात. लाली गाय राजूला दाद देत नाही, त्याची पुरती दमछाक होते, मिठू पोपट वर टिंगल करतो. इथवर निव्वळ फ्लिंटस्टोन्स. संध्याकाळी मीनाची कामं उरकून थकलेल्या राजूपुढे मीनाचंच ताट येतं, थोडकं, आणि विनोद तिथे थांबतो. आजी दुष्ट नाही. तिच्याइतकी माया त्या घरात कुणाची नसेल. अन्याय करणारं माणूस प्रेमळच ठेवायचं, ही या कथनाची खरी करामत. खलनायक असता तर प्रेक्षक त्याच्यावर चिडून मोकळा झाला असता. आपल्याच आजीवर कसं चिडणार?

मीना दूरदर्शनवर हिंदीतून दिसू लागली. तिचं घर गवताच्या छपराचं. मराठवाड्यात, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात मात्र जुनी घरं दगडामातीची, माळवदाची. घराची घडण वेगळी, पण आजीची वाटणी औशाकडच्या बायकांना नवी नव्हती. पोराच्या वाटीत दुधावरची साय आणि पोरीच्या हातात धुण्याची बादली, हे बघायला परक्या मुलखात जायची गरज नव्हती. सातवी झाली की पुढची शाळा दुसऱ्या गावात, म्हणून पोरीचं दप्तर खुंटीला. मग स्थळांची बोलणी. मीनाच्या मालिकेत शाळा, हुंडा, कोवळ्या वयातलं लग्न हे विषय आले, ते मराठवाड्यात रोजच्या बोलण्यातले होते.

पुढे मीना पडद्यावरून शाळेत आली. उत्तर प्रदेशात शाळांमधून मुलींचे 'मीना मंच' निघाले. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून, मराठवाड्यातही, जो मंच आला त्याचं नाव 'मीना-राजू मंच'. नावातली ही भर किरकोळ वाटते, पण गोष्ट नीट वाचलेल्या कुणीतरी ती घातली असावी. आंब्याच्या भागात मीनाला नवं काही कळत नाही, तिला सगळं आधीपासूनच ठाऊक असतं. बदलतो राजू. मंचात मुलगे आणि मुली मीनाच्या गोष्टी वाचतात, नाटुकली करतात, घरात कोण कोणतं काम करतं यावर बोलतात.